वरातीतली घोडी आणि पहाटेचा सायकलस्वार यांना वाट देताना

लग्नसराईत दादर-परळच्या रस्त्यावर वरातीची घोडी दिसली, तर हॉर्नवरचा हात आधी काढावा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसते. मात्र शेपटीच्या थेट मागचे काहीच दिसत नाही, आणि नेमके तिथून आलेले वाहन, विशेषतः रेस केलेली दुचाकी, त्याला बिथरवते. म्हणून मागे अंतर राखून थांबावे, मोतद्दाराने, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या माणसाने, हात केल्यावरच बाजूला भरपूर जागा सोडून सावकाश पुढे जावे आणि बरेच अंतर कापल्याशिवाय वेग वाढवू नये. घोडीने कान मागे पाडले असतील किंवा मान ताठ उचलली असेल, तर इंजिन बंद करणेच उत्तम, कारण वर बसलेल्या नवरदेवाला बहुधा घोडेस्वारी येत नसते.

सायकलस्वारांना खरा धोका उभ्या गाडीच्या दाराचा असतो. पहाटे रस्त्याकडेला गाडी लावून उतरताना चालकाने दार डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. सायकलस्वारांनीही उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतके दूर राहावे, आणि घोड्याला मागून ओलांडण्यापूर्वी लांबूनच मोतद्दाराला शांतपणे हाक द्यावी.