दुसरा डीएनएस सर्व्हर लावताय? आधी जागा ठरवा

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था. तिचा एकच सर्व्हर असला आणि तो पडला की वेबसाइट चालू असूनही लोकांना सापडत नाही. आम्ही हे अंधेरीच्या ऑफिसात एका पावसाळ्यात भोगलंय, रात्री लाइट गेली, दोन तासांत यूपीएस बसला आणि सकाळी उजाडत नाही तोच कस्टमरचे फोन सुरू. म्हणून सेकंडरी, म्हणजे मूळ सर्व्हरच्या (प्रायमरीच्या) नोंदींची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर, त्याच रॅकमध्ये अजिबात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, अशा दिवशी एक अंधेरीत आणि दुसरा कुर्ल्यात असून काय फायदा? मुंबईबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या, लहान झोनला (म्हणजे एका डोमेनच्या नोंदींच्या संचाला) १ जीबी रॅम पुरते.

आता दोन्हीकडे बाइंड ९ (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) आहे असं धरू. प्रायमरीवर झोनच्या अलाउ-ट्रान्सफरमध्ये (झोनची नक्कल कोणाला द्यायची ती सेटिंग) फक्त सेकंडरीचा आयपी टाका, मोकळं ठेवलंत तर तुमच्या सगळ्या नोंदी कोणीही उचलून नेईल. झोन फाइलमध्ये नवीन सर्व्हरची एनएस नोंद (या डोमेनसाठी कोणता सर्व्हर उत्तर देतो ते सांगणारी) घाला, म्हणजे बदल झाला की प्रायमरी त्याला स्वतःहून कळवतो.

सेकंडरीवर टाइप सेकंडरी लिहा (जुन्या बाइंडमध्ये स्लेव्ह), प्रायमरीजमध्ये पहिल्याचा आयपी, रिकर्शन (इतरांच्या डोमेनची उत्तरं शोधून देणं) बंद. डेबियन-उबुंटूवर झोनची फाइल व्हार-कॅश-बाइंड (/var/cache/bind) फोल्डरमध्येच ठेवा, एटीसीमध्ये (/etc) बाइंडला लिहू देत नाहीत आणि मग लॉगमध्ये परमिशन डिनाइड दिसत राहतं.

फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ चं यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडा. झोन टीसीपीवरून येतो, नेमकं तेच उघडायचं राहून जातं.

सगळ्यात जास्त घोळ सीरियल नंबरचा, म्हणजे झोन फाइलची आवृत्ती दाखवणाऱ्या आकड्याचा होतो. नोंद बदलली पण सीरियल वाढवला नाही तर सेकंडरीला वाटतं काहीच बदललं नाही, मग अर्ध्या लोकांना जुना आयपी मिळतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. तारीख आणि दोन आकडे लावा, जसं २०२५०७१४०१, त्याच दिवशी परत बदललं की शेवटी ०२. मग डिगने (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) दोन्ही सर्व्हरचा एसओए (सीरियल असलेली झोनची मुख्य नोंद) विचारा, सीरियलचा आकडा सेम आला पाहिजे.

त्याच एसओएमधला एक्स्पायर (प्रायमरीशी संपर्क तुटल्यावर सेकंडरीने किती वेळ उत्तर देत राहायचं तो आकडा) १२०९६०० सेकंद ठेवा, म्हणजे १४ दिवस. एकच दिवस ठेवला तर प्रायमरी दीड दिवस बंद राहिल्यावर सेकंडरीही उत्तर देणं सोडतो.

शेवटी डोमेनच्या रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवलंय तिथे) दुसऱ्या नेमसर्व्हरचं, म्हणजे या सेकंडरीचं नाव टाका, नाहीतर बाहेरच्यांना त्याचा भरवसा धरता येत नाही. मग रात्री प्रायमरीचं बाइंड दहा मिनिटं बंद करा आणि मोबाइल डेटावरून सेकंडरीला थेट विचारून बघा.