फौजी पेन्शनच्या कागदावरून घराण्याचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

कामठीची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे नागपुरात पणजोबा ‘पलटणीत होते’ असं सांगणारी घरं गल्लोगल्ली सापडतात. ट्रंकेतून एखादा जुना पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघाला की वंशावळच हाती लागल्यासारखं वाटतं. पण पैसे कोणाला, किती आणि कधीपासून द्यायचे, एवढ्यापुरताच तो कागद लिहिलेला असतो. घोळ होतात ते हे विसरल्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेन्शन नव्हती, तर फौजेतही नसतील, असं मानणं. शिपायाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षांची नोकरी लागते. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेले कितीतरी जवान लढाई संपताच किरकोळ रक्कम घेऊन घरी परतले. त्यांचा पीपीओ निघालाच नाही. अशा बिनपेन्शन जवानांची कागदपत्रं नियमाप्रमाणे 25 वर्षांनी नष्ट केली जातात. त्यामुळे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचं ‘कागद नष्ट झाले’ हे उत्तर आलं तरी तिथेच थांबू नका, ‘लाँग रोल’मधली, म्हणजे जवानांच्या कायम जपल्या जाणाऱ्या नोंदवहीतली, नोंद मागा. बहुतेकांना हे नावच माहीत नसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. महायुद्धातल्या बिनपेन्शन जवानांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं अनुदान आहे. ते घरी येत असेल, तर तिथे फाइल असणार.

दुसरी चूक पत्त्याची. प्रयागराजचं संरक्षण खात्याचं पेन्शन कार्यालय पेन्शन मंजूर करतं, पण नोकरीचा तपशील रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. महार रेजिमेंटसाठी सागर, मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव. कागदावर ‘19 हैदराबाद’ असेल तर गोंधळू नका, तीच 1945 मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाली. पत्र रानीखेतला टाका. आणि कामठीत आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र असलं, तरी ‘कामठीला होते’ म्हणजे गार्ड्समध्ये होते असं नव्हे. कामठीची छावणी 1821 ची, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स 1949 ची. पत्रात सैनिक क्रमांक हवाच. नुसत्या नावावर काही हाती लागणं कठीण.

गाव सापडत नसेल तर जिल्हा बदलून पाहा. आजच्या गडचिरोलीतलं गाव 1982 पूर्वीच्या कागदात चांदा किंवा चंद्रपूर जिल्ह्यात असतं. गोंदियाचं 1999 पूर्वी भंडाऱ्यात.

नावांनी तर मलाही फसवलं. कुटुंब पेन्शनच्या कागदावरची बाई आमची आजी नव्हेच, असं मी वर्षभर धरून चाललो होतो. शेवटी आत्याने सांगितलं, ‘अरे, ते तिचं माहेरचं नाव!’ जातीच्या रकान्याचंही तसंच. 1956 च्या दीक्षेआधी ‘महार’ आणि नंतर ‘बौद्ध’ लिहिलं असेल, म्हणून माणसं दोन होत नाहीत.

कुटुंबाच्या यादीत आत्या दिसली नाही, तर ती नव्हतीच असा निष्कर्ष काढू नका. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव पेन्शनच्या कागदावर असेलच असं नाही. जन्मतारखेवरही फार विसंबू नका, भरतीच्या वेळचं वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेलं असे. मृत्यूची तारीख मात्र बरीच पक्की मिळते. कुटुंब पेन्शन जवानाच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, म्हणून ती सुरू झाल्याची तारीख बघा आणि एक दिवस मागे जा.