स्प्रिंगस्टीनचे कार्यक्रम ऐकायचे कसे: अल्बम, टूर आणि टेप यांची सांगड

अमेरिकी रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनचे अल्बम १९७३ पासून ओळीने ऐकायला घेतले, की बहुतेकांची गाडी नव्वदच्या दशकात अडते. याचं कारण ऐकण्याच्या पद्धतीत आहे. या माणसाची गाणी स्टुडिओत पूर्ण होत नाहीत. तिथे त्यांचा पहिला खर्डा होतो आणि पुढची वीस-तीस वर्षं ती मंचावर घडत राहतात. म्हणून एक अल्बम आणि त्याच टूरमधला एक अख्खा कार्यक्रम अशी जोडी लावून ऐकावं. आधी अल्बम दोनदा, मग कार्यक्रम एकदा, आणि मग पुन्हा अल्बम. तिसऱ्या वेळी तोच अल्बम वेगळा ऐकू येतो.

सुरुवात १९७८ पासून

'बॉर्न टू रन' ऑगस्ट १९७५ मध्ये आला आणि नाव झालं. पण लगेच मॅनेजरशी कोर्टकज्जा सुरू झाला आणि १९७७ च्या मध्यापर्यंत नव्या अल्बमसाठी स्टुडिओत जाता आलं नाही. या काळात साठलेलं सगळं 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन' या जून १९७८ च्या अल्बममध्ये आणि त्याच्या टूरमध्ये बाहेर पडलं. अल्बम आखडलेला, कोरडा, घट्ट आहे. कार्यक्रम मात्र तीन तासांचे आणि सुटलेले. हा फरक कानाला सर्वांत स्पष्ट कळतो, म्हणून सुरुवात इथूनच करायची.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. या टूरमधले पाच कार्यक्रम रेडिओवर थेट गेले: लॉस एंजेलिसचं रॉक्सी (७ जुलै), क्लीव्हलंडचं अगोरा (९ ऑगस्ट), न्यू जर्सीतल्या पॅसेइकचं कॅपिटल थिएटर (१९ सप्टेंबर), अटलांटाचं फॉक्स थिएटर (३० सप्टेंबर) आणि सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड (१५ डिसेंबर). ऐकणाऱ्यांनी ते घरी कॅसेटवर उतरवले, आणि तेव्हापासून या पाच रात्री चाहत्यांमध्ये हातोहात फिरत आल्या. पहिला कार्यक्रम पॅसेइकचा घ्या, दुसरा अगोराचा. अगोरा छोटा क्लब होता, आवाज अंगावर येतो; पॅसेइकला स्प्रिंगस्टीनचा ई स्ट्रीट बँड जास्त सैल आणि आत्मविश्वासाने वाजवतो.

ऐकताना तीन जागा पकडा. पहिली, 'प्रूव्ह इट ऑल नाइट'. अल्बमवर जेमतेम चार मिनिटांचं, रेडिओला शोभेल असं गाणं. १९७८ मध्ये मंचावर ते पियानोच्या एका फिरत्या आकृतीने सुरू होतं, ड्रमवर मागे हलकी थाप, आणि त्यावर गिटार हळूहळू चढत जाते. गाण्याची ओळखीची सुरुवात येईपर्यंत कित्येक मिनिटं गेलेली असतात आणि गाणं दहा मिनिटांच्या पुढे जातं. चाहते याला '७८ ची सुरुवात' म्हणतात, आणि पुढच्या टूरमध्ये ती क्वचित वाजली की तो कार्यक्रम लगेच नोंदला जातो.

दुसरी, 'बॅकस्ट्रीट्स'च्या मधला भाग. बँड जवळजवळ थांबतो, पियानो चालू राहतो आणि स्प्रिंगस्टीन अर्धवट बोलत, अर्धवट गात दुसरंच काही सांगू लागतो. 'सॅड आइज' या शब्दांमुळे त्या भागाला तेच नाव पडलं. दर रात्री तो वेगळा असतो. १९८६ च्या अधिकृत लाइव्ह संचात रॉक्सीचंच 'बॅकस्ट्रीट्स' आहे, पण हा भाग कापून. संच आधी ऐकलेल्यांना गाण्यात काय होतं याचा पत्ताच लागत नाही.

तिसरी, 'रेसिंग इन द स्ट्रीट'चा शेवट. शब्द संपल्यावर पियानो आणि ऑर्गन बराच वेळ वाजत राहतात आणि त्यातूनच 'थंडर रोड' उगवतं. तुमचा प्लेअर दोन फायलींमध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता घालत असेल, तर नेमकी हीच जागा फुटते. त्यामुळे काहीही ऐकण्याआधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू करा आणि 'क्रॉसफेड' (एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणं) बंद करा.

आणखी एक. गर्दीतून 'बूऽऽ' असा आवाज आला तर दचकू नका, ती हुर्यो नाही. लोक 'ब्रूऽऽस' ओरडत असतात.

पुढच्या जोड्या

'द रिव्हर' (१९८०) हा वीस गाण्यांचा दुहेरी अल्बम. त्याच्या जोडीला न्यूयॉर्कजवळच्या नॅसाउ कोलिझियमचा ३१ डिसेंबर १९८० चा कार्यक्रम आहे. त्यात अडतीस गाणी आहेत, एका बैठकीत संपवायला जाऊ नका. त्या काळात कार्यक्रम दोन भागांत होत आणि मध्ये मध्यंतर असे. तुम्हीही तिथेच थांबा. पहिल्या भागात जड गाणी आणि दुसऱ्यात नाचाची, ही रचना मध्यंतराशी थांबल्यावरच जाणवते. पाहायचं असेल तर ५ नोव्हेंबर १९८० चा ॲरिझोनातल्या टेम्पीचा कार्यक्रम चित्रित झालेला आहे. तो 'द रिव्हर'च्या २०१५ च्या संचात मिळतो.

'नेब्रास्का'शी (१९८२) गाठ पडली की नवखे गडबडतात, कारण या अल्बमची टूर झालीच नाही. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी, टीॲक १४४ या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, दोन साध्या मायक्रोफोनवर ही गाणी खर्डा म्हणून रेकॉर्ड झाली. बँडबरोबर ती पुन्हा करून पाहिली, पण त्या कॅसेटमधला एकाकीपणा येईना, म्हणून शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. बँडबरोबरचे ते प्रयत्न २०२५ मध्ये 'इलेक्ट्रिक नेब्रास्का' म्हणून निघाले. त्यांच्याशी तुलना जरूर करा, पण आधी मूळ अल्बम मुरू द्या. याची खरी जोडी तेरा वर्षांनंतरची आहे: 'द घोस्ट ऑफ टॉम जोड' या अल्बमची १९९५ ते ९७ ची एकट्याची टूर. एक माणूस, गिटार, हार्मोनिका, आणि शांत बसण्याची विनंती केलेलं थिएटर.

याच ठिकाणी एक व्यायाम करा, तासभर पुरतो. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे एकच गाणं तीन रूपांत लागोपाठ ऐका: १९८२ चा घरगुती खर्डा (तो १९९८ च्या 'ट्रॅक्स' संचात आहे), १९८४ च्या त्याच नावाच्या अल्बमवरचं, आणि १९९५–९७ च्या टूरमधलं एकट्याने गायलेलं. अल्बमवर सिंथेसायझरची तुतारी आणि ड्रमचा दणका इतका मोठा आहे की व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या सैनिकाची कहाणी त्याखाली दबते आणि लोकांनी ते अभिमानगीत समजून घेतलं. एकट्याच्या गिटारवर तसा गैरसमज व्हायला जागाच उरत नाही. 'मंचावर गाणं बदलतं' म्हणजे काय, ते या तीन रूपांइतकं दुसरं काहीच समजावत नाही.

१९८८ ची टूर बरीच आखीव होती आणि १९९२–९३ मध्ये बँड नवा होता, जुन्यांपैकी पियानोवादक रॉय बिटन तेवढा सोबत. हा टप्पा पहिल्या फेरीत गाळला तरी चालेल. थेट ई स्ट्रीट बँडच्या १९९९–२००० च्या पुनर्मीलनाच्या टूरवर या. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या जून-जुलै २००० च्या रात्रींवरून केलेला २००१ चा अल्बम त्यासाठी पुरेसा आहे.

बँडचे ऑर्गनवादक डॅनी फेडेरिची २००८ मध्ये आणि सॅक्सोफोनवाले क्लॅरेन्स क्लेमन्स २०११ मध्ये गेले. त्यानंतरच्या टूर वेगळ्या कानाने ऐकाव्या लागतात. २०१२ मध्ये क्लॅरेन्सचा पुतण्या जेक सॅक्सोफोनवर आला आणि सोबत अख्खा हॉर्न विभाग (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वगैरे फुंकवाद्यं) उभा राहिला. जुन्या गाण्यातली क्लॅरेन्सची जागा आली की गर्दीचा आवाज कसा चढतो, तेवढं जरूर ऐका. याच टूरमध्ये ३१ जुलै २०१२ रोजी हेलसिंकीत चार तास सहा मिनिटांचा, त्यांचा सर्वांत लांब कार्यक्रम झाला.

अधिकृत संच: काय आधी घ्यावं, कशासाठी थांबावं

१९८६ चा 'लाइव्ह/१९७५–८५' चाळीस गाण्यांचा आहे. बहुतेकांची पहिली ओळख याच संचाने होते, पण पहिला म्हणून तो घेऊ नये. दहा वर्षांतल्या वेगवेगळ्या रात्री त्यात जोडल्या आहेत, त्यामुळे एका संध्याकाळचा चढ-उतार त्यात नाही. मात्र दोन गोष्टींसाठी तो हवाच: १९७५ चं नुसत्या पियानोवरचं 'थंडर रोड', आणि १९८५ चं 'द रिव्हर', ज्याच्या आधी स्प्रिंगस्टीन वडिलांशी झालेल्या भांडणांबद्दल आणि सैन्यभरतीच्या तपासणीबद्दल बोलतात.

'ट्रॅक्स' (सहासष्ट गाणी) आणि जून २०२५ चा 'ट्रॅक्स २' (सात न निघालेले अल्बम, त्र्याऐंशी गाणी) हे गाळलेल्या गाण्यांचे संच आहेत. निदान पाच जोड्या पूर्ण झाल्याशिवाय यांना हात लावू नका. एखादं गाणं अल्बममधून का गळलं, हे अल्बम पाठ असल्याशिवाय कळत नाही.

२०१४ पासून जुने कार्यक्रम अधिकृतपणे डाउनलोडसाठी निघू लागले; अगोरा आणि रॉक्सी त्यात आहेत. ज्या रात्रीची अधिकृत प्रत आहे तिची जुनी कॅसेट-प्रत शोधण्यात वेळ घालवू नका. मूळ टेपवरून नव्याने केलेलं मिक्सिंग आणि टेपच्या वेगातला डगमग काढून टाकणारी प्रक्रिया यांमुळे फरक मोठा पडतो.

टेप कशी ओळखावी

अधिकृत प्रत नसलेल्या रात्रींसाठी सोर्स, म्हणजे रेकॉर्डिंग कुठून झालं ते, ओळखता आला पाहिजे. साउंडबोर्डवरून (हॉलच्या मिक्सरवरून थेट) घेतलेल्या प्रतीत गायकाचा आवाज जवळ आणि कोरडा असतो, टाळ्या लांबून येतात, आणि गिटार बऱ्याचदा कमी ऐकू येते, कारण छोट्या हॉलमध्ये ती ॲम्प्लिफायरमधूनच पुरेशी मोठी असते, मिक्सरवर फारशी चढवत नाहीत. प्रेक्षकांतून केलेल्या प्रतीत नेमकं उलटं: शेजारच्याची टाळी कानाशी, ड्रम घुमणारा. रेडिओवरून उतरवलेल्या प्रतीत सगळं एकाच पातळीवर दाबलेलं असतं. गाणं संपून बँड थांबला की गर्दीचा आवाज आपोआप फुगतो, त्यावरून ती ओळखावी.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे वेग. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना एखादं यंत्र थोडं जलद किंवा सावकाश फिरतं आणि सूर सरकतो. तपासायला 'बॅडलँड्स' किंवा 'बॉर्न टू रन' घ्या, दोन्ही 'ई' या पाश्चात्त्य स्वरात आहेत. फोनवरचा ट्यूनर बेसच्या लांब सुरावर धरा. सूर एक अर्धस्वर चढा, म्हणजे 'एफ' दाखवत असेल, तर टेप सुमारे सहा टक्के जलद आहे. ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्त्यांत 'चेंज स्पीड अँड पिच') निवडून उणे ५.६ टक्के द्या. सूर पन्नास सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या निम्मा, चढा असेल तर उणे २.८५. 'चेंज पिच' वापरू नका. त्याने सूर उतरतो पण लय जलदच राहते आणि झांजांचा आवाज चिरकतो. टेप बदलली त्या ठिकाणापासून चूक वेगळी असू शकते, म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजा.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. तीन तासांचा कार्यक्रम सीडीच्या दर्जात, न दाबता, सुमारे १.९ जीबी होतो. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) त्याच्या साधारण साठ टक्के. ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ४३० एमबी. फ्लॅकच ठेवा. एमपी३ वरून पुन्हा फ्लॅक केलं तर गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी मोठी होते, आणि पुढच्याची फसवणूक होते. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग शहर, मग सोर्स असं द्या: '१९७८-०९-१९ पॅसेइक रेडिओ'. दिवस आधी लिहिला तर क्रमवारीत सगळ्या टूर एकमेकांत मिसळतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना

आधीच्या पाच-सहा रात्रींच्या सेटलिस्ट (वाजलेल्या गाण्यांच्या याद्या) शेजारी शेजारी मांडा. रोज त्याच जागी येणारी गाणी हा सांगाडा, बदलणाऱ्या जागा निराळ्या खुणेने दाखवा. २००९ किंवा २०१६ च्या तुलनेत २०२३ च्या टूरमध्ये यादी बरीच ठरलेली होती, तेव्हा दुर्मीळ गाण्याची आशा धरण्याआधी चालू टूरचा स्वभाव पाहा. फर्माइशीचा फलक न्यायचा तर जाड पुठ्ठ्यावर फक्त गाण्याचं नाव, दहा मीटरवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि गाणी सुरू असताना तो खाली ठेवा, मागच्यांना मंच दिसू द्या.

उभ्याच्या विभागात पुढे जाण्यासाठी बऱ्याचदा मनगटपट्टी देऊन लॉटरी काढतात: एक आकडा निघतो आणि रांग त्या आकड्यापासून सुरू होते. म्हणजे पहाटेपासून उभं राहून फायदा नाही, पट्टी वाटपाच्या वेळेत पोचणं महत्त्वाचं. १५ ते २० डेसिबल कमी करणारे संगीतासाठीचे इअरप्लग पहिल्या गाण्याआधीच घाला. फोमचे स्वस्त प्लग झांजा आणि शब्द गिळतात, म्हणून लोक ते तिसऱ्या गाण्याला काढून टाकतात.

रेकॉर्ड करण्याच्या भानगडीत पडू नका. अलीकडच्या टूरचे कार्यक्रम अधिकृत डाउनलोड म्हणून काही दिवसांतच मिळतात. रात्री परतल्यावर सेटलिस्ट आठवून कागदावर लिहा आणि शेजारी दोन-तीन शब्दांत काय वेगळं वाटलं ते नोंदवा: शेवट लांबला, कडवं गाळलं, सुरुवात नुसत्या पियानोवर. रेकॉर्डिंग आलं की तो कागद पुढ्यात ठेवून ऐका.