तीन मायक्रॉनची भीड

नाशिकजवळच्या अंबड एमआयडीसीत मी २०१६ साली क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागले. आज माझ्या हाताखाली सहा जण आहेत आणि दरवर्षी त्यात एकदोन नवे चेहरे येतात. मायक्रोमीटर, बोअर गेज ही मोजायची साधनं आणि काय कसं तपासायचं याचा कंट्रोल प्लॅन, हे त्यांना येत असतं. नसलं तरी पंधरा दिवसांत येतं. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. माझ्या हातून एक सही चुकीची झाली. तिच्यापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि तो माणूस मी नव्हते. हे कसं घडलं ते नव्याने येणाऱ्यांना नीट कळायला हवं, कारण मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं वर्ष होतं. हाऊसिंगच्या बोअरचं, म्हणजे त्या भागातल्या गोल भोकाचं माप २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. चारशे नगांचा लॉट, त्यातले पाच मोजायचे. तीन बसले. चौथा २५.०२४ आला, पाचवा २५.०२३. इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं टोक, झिजला म्हणून ऑपरेटरने मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती दिली होती, ती जरा जास्त गेली होती. रात्रीचे आठ वाजलेले, गेटवर टेम्पो उभा, चाकणला ग्राहकाच्या कारखान्यात सकाळच्या शिफ्टला माल लागणार. आमचे सुपरवायझर, ज्यांना सगळं शॉप काका म्हणायचं, माझ्या टेबलाशी आले. डिस्प्ले बघितला आणि म्हणाले, "पोरी, नग अजून गरम आहेत. गार झाले की तीन मायक्रॉन कुठल्या कुठे जातील. टाक सही."

आता यातली मेख बघा. काका खोटं बोलत नव्हते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माप वीस अंश तापमानाला धरायचं असतं. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. पंचवीस मिलिमीटरच्या बोअरला दहा अंशांचा फरक पडला, तर हिशोबाने जवळजवळ तीन मायक्रॉन होतात. म्हणजे ते म्हणत होते तसं असू शकलं असतं. ते तपासायचं तर पाचही नग तासभर सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीच्या सपाट पाटावर ठेवून पुन्हा मोजायचे, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर, चौथ्या नगासमोर २५.०१९ लिहिलं, पाचव्यासमोर २५.०२०, आणि सही केली. खरी असू शकणारी एक गोष्ट मी न मोजण्यासाठी वापरली.

का केली सही? लोकांना वाटतं दडपणाखाली. नाही. काकांनी धमकावलं नव्हतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी माझं काही वाकडं केलं नसतं. पण पहिल्या महिन्यात शॉपवर माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं, तेव्हा बोअर गेज शून्यावर कसा लावायचा ते याच माणसाने शेजारी उभं राहून तीन-तीनदा दाखवलं होतं. एका पावसाळी रात्री माझी गाडी बंद पडली, तर हाच माणूस मला सिडकोपर्यंत सोडून आला होता. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मला भीड पडली.

हा एक शब्द तुमच्या डोक्यात बसावा म्हणून मी इतकं लांबण लावतेय. लाच आणि धमकी यांच्यासाठी आपण मनाची तयारी करून येतो. कुणी पाकीट पुढे केलं तर आपण सावध होतो. भिऊन सही करणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण चुकीचं करतोय. त्याला रात्री झोप लागत नाही. भिडेपोटी सही करणाऱ्याला वाटतं, आपण माणुसकी दाखवली. मी त्या रात्री घरी जाऊन शांत झोपले होते. आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. लहानपणी मला ते फक्त उसनवारीबद्दलचं वाटायचं.

आणि भीड एकटी येत नाही, सोबत हिशोब घेऊन येते. इंजिनिअरिंगला नीतिशास्त्राचं एक छोटं युनिट होतं. उपयुक्ततावाद म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं, एवढं मला पाठ होतं. त्या रात्री मी तोच हिशोब मांडला. माल गेला नाही तर चाकणची लाईन थांबेल, आमच्या कंपनीवर दंड लागेल, काकांना मालकांची बोलणी खावी लागतील, शॉपवरच्या चाळीस घरांचा प्रश्न आहे. दुसऱ्या पारड्यात काय, तर तीन मायक्रॉन. हिशोब चोख वाटला. पण मी धरली होती ती फक्त डोळ्यांसमोरची माणसं. ज्याच्या गाडीत तो नग बसणार होता, जो फिटर तो नग दाबून बसवणार होता, त्यांचे चेहरे मला दिसत नव्हते, म्हणून ते बेरजेत आलेच नाहीत. परिणामांचा विचार करू नका असं मी म्हणत नाही. तो पहिला करू नका, एवढंच म्हणते. आधी तत्त्वज्ञ कांटचा प्रश्न विचारा, जो त्याने खोट्या वचनाच्या उदाहरणावरून समजावला आहे: सगळेच असं करू लागले तर? प्रत्येक इन्स्पेक्टर असाच आकडे लिहू लागला तर पीडीआय रिपोर्ट या कागदाला अर्थ काय राहील? काहीच नाही. तसा रिपोर्ट चालतो तो बाकीचे खरे लिहितात म्हणून. इथे उत्तर मिळालं की पुढचा हिशोब करायची वेळच येत नाही.

पुढे काय झालं? काही नाही. लॉट गेला, बसला, तक्रार आली नाही. वाईट जे झालं ते हेच. पुढच्या महिन्यात २५.०२३ आलं तेव्हा काकांना टेबलापर्यंत यावंही लागलं नाही. चार महिन्यांत २५.०२६ पर्यंतचा नग माझ्या हाताला चांगलाच वाटायला लागला. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी याला विचलनाचं सामान्यीकरण असं नाव दिलं. रबरी सीलना आधीच्या उड्डाणांतही इजा होत होती, पण दरवेळी यान सुखरूप परतलं, म्हणून ती इजाच मान्य मर्यादेत धरली गेली. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ला, इंजिनिअर थंडीमुळे थांबा म्हणत होते. त्यांच्या प्रमुखाला इंजिनिअरची हॅट काढून मॅनेजरची घालायला सांगण्यात आलं, आणि त्याने मत बदललं. दुसऱ्या दिवशी सात जण गेले. आमचं काम त्यापुढे क्षुल्लक आहे हे मला कळतं. पण मर्यादा सरकते ती तशीच, थोडी थोडी, आणि प्रत्येक वेळी काही झालं नाही या पुराव्यावर.

मग तक्रार आली. बोअरमध्ये दाबून बसवायचे बुश सैल बसताहेत म्हणून चाकणला लॉट अडकला. तिथे तीन दिवस उभं राहून मी सेग्रिगेशन केलं, चांगले नग एका क्रेटमध्ये, वाईट दुसऱ्यात. परत आल्यावर एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा कागद, भरायला मीटिंग बसली. मूळ कारण काय लिहायचं? कुणीतरी म्हणालं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, चुकीचा ऑफसेट. ऑपरेटर कंत्राटी होता, मीटिंगला नव्हता. मी होते. माझ्यासमोर माझ्याच सहीचे रिपोर्ट पडले होते. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. आठ दिवसांनी तो गेटवर दिसला नाही.

मालकांना खरं सांगायला मला आणखी दोन आठवडे लागले. ते रागावले, पण काढलं नाही. ऑपरेटर तोवर सिन्नरला लागला होता, कमी पगारावर. मी फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, "ठीक आहे मॅडम" म्हणाला आणि मशीन चालू आहे म्हणून फोन ठेवला. ते दोन आठवडे मला अजून उलगडलेले नाहीत.

त्या दिवसांत मी गावी, निफाड तालुक्यात गेले होते. वडिलांची द्राक्षबाग आहे. त्यांच्याकडे फवारणीची वही असते, डागाळलेली, पानं फुगलेली. २०१०मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट सापडलं आणि कंटेनर अडकले, तेव्हा मी शाळेत होते. तेच औषध लिहोसिन या नावाने आपल्याकडे वर्षानुवर्षं वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला मारत आलेले. त्या वर्षी कुणी काय मारलं याची विचारपूस सुरू झाली तेव्हा वडिलांनी वही तशीच पुढे ठेवली. खरड छाटणीनंतरची ती फवारणी तारखेसकट त्यात होती. तिचं नाव काढायलाही लोक कचरत होते, तरी त्यांनी ते पान फाडलं नाही. नुकसान झालंच. पण पुढच्या हंगामात काय बंद करायचं हे आम्हाला वहीत बघून ठरवता आलं. झालं ते लिहायचं, एवढीच त्यांची रीत. मी ती वही लहानपणापासून बघत होते आणि माझी मूल्यं कोणती असं कुणी विचारलं असतं तर मी तिचं नाव घेतलं नसतं.

म्हणून पन्नास शब्दांतून आपली पाच मूल्यं निवडा, सचोटी, उत्कृष्टता, सांघिक भावना, अशी पानं भरून घेणाऱ्या ट्रेनिंगवर माझा अजिबात विश्वास नाही. तेच क्लासच्या नोट्सचं. स्पर्धा परीक्षेच्या एथिक्सच्या पेपरला व्याख्या पाठ करून मार्क मिळत असतील, रात्री आठ वाजता टेम्पोसमोर त्या कामाला येत नाहीत. तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी हट्टाने नीट करत असेल. आईचं भिशीचं रजिस्टर असेल, मामाचं वजनकाट्यावरचं वागणं असेल. ते आठवा, आणि त्यातून तुम्ही काय करणार नाही याचं एकच वाक्य लिहा. माझं वाक्य आहे, न मोजता आकडा लिहिणार नाही. मी प्रामाणिक राहीन असं लिहू नका. त्यात वाकायला फार जागा असते.

मार्गदर्शकाबद्दलही माझं मत पक्कं आहे. प्रॅक्टिकल बन, असं सांगणारा सीनियर तुमचा मार्गदर्शक नाही, तो कितीही हुशार असो. ज्याच्या हातात तुमचं अप्रेजल आहे, त्यालाही धरू नका. तो भला असेल तर भीड आणखीच वाढते. दुसऱ्या कंपनीतला, स्वतःची चूक नावानिशी सांगू शकणारा माणूस शोधा. मला सातपूरच्या एक बाई भेटल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी आपण सही केलेल्या चुकीच्या लॉटची गोष्ट सांगितली. तेव्हा कुठे मी माझी सांगू शकले.

एक गोष्ट तर आमच्या भिंतीवरच होती आणि मी वाचली नव्हती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक सांगतं की गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाला डिस्पॅच आणि उत्पादन थांबवायचा अधिकार असला पाहिजे. त्याच मानकात लाचविरोधी धोरण, आचारसंहिता आणि नैतिक बाब वर नेण्याची वाट, हे तिन्ही कंपनीला ठेवावंच लागतं. माप बाहेर गेलं तरी वाट बंद नसते. खरे आकडे लिहून ग्राहकाकडे डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल घ्यायची परवानगी मागायची, मंजुरी आली तर माल पाठवायचा. अनेकदा ती येते, कारण डिझायनरला ठाऊक असतं कुठला मायक्रॉन महत्त्वाचा आणि कुठला नाही. ते ठरवणं तुमचं काम नाही, काकांचंही नाही.

पण खोटा दिलासा देणार नाही. तुमची नोकरी जाऊ शकते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७७प्रमाणे तक्रारीची संरक्षित व्यवस्था ठेवणं बंधनकारक आहे ते शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचं पन्नास कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना. अंबड-सातपूरचे बहुतेक छोटे व्हेंडर त्यात बसत नाहीत. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. नीतीचा तो पाया आहे असं मी मानते, कारण हप्ते थकलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. आणि नाही म्हणायची सवय छोट्या गोष्टीपासून लावा. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की धैर्याची कामं करत करत माणूस धैर्यवान होतो. कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून घ्यायची तारीख उलटलेलं गेज आजच बाजूला काढून ठेवा. कुणी रागावणार नाही, आणि हाताला वळण पडेल.

आता हातून सही होऊन गेली असेल तर? आज सांगा. उद्याच्यापेक्षा ते सोपं जाईल. तुम्ही वाईट माणूस आहात असं नाही. मीही नव्हते, काकाही नव्हते. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले ते मनापासून.

मागच्या महिन्यात आमच्याकडची नवी मुलगी संध्याकाळी माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, २५.०२३ येतंय. नग गरम आहेत, असं सर म्हणताहेत." टेम्पो गेटवर होता. मी तिला पाचही नग सरफेस प्लेटवर ठेवायला सांगितले आणि आकडे टाकून ग्राहकाला मेल केला. पावणेदहाला उत्तर आलं, मंजुरी नाही. टेम्पो रिकामा परत गेला. सकाळी तिने पाच नग पुन्हा मोजले. चार बसले, एक नाही बसला. मग सगळे चारशे मोजायला घेतले. तिघांना दुपारचे अडीच वाजले.