निवृत्त पोलीस वडिलांचे चरित्र घरच्या घरी कसे लिहून काढावे

पोलीस खात्यात पस्तीस-छत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या वडिलांचे चरित्र लिहावे, असे अनेक घरांत ठरते. प्रत्यक्षात कागदावर उतरते ती मात्र बदल्या, बढत्या आणि बक्षिसे यांची जंत्री, आणि शेवटी ‘कुटुंबाची मोलाची साथ लाभली’ असे एखादे वाक्य. हे टाळायचे असेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. पोलीस माणसाच्या आयुष्याची हकीकत एकट्या त्याच्याकडे नसते. ज्या रात्री तो बंदोबस्तावर होता, त्या रात्री घरात काय चालले होते हे त्याला ठाऊक नसते. ते त्याच्या पत्नीला आणि मुलांना ठाऊक असते. म्हणून या लेखनासाठी दोघांनाही विचारावे लागते, आणि दोघांचे सांगणे एकाच पानावर शेजारी शेजारी मांडावे लागते.

पहिले काम कागद गोळा करण्याचे. नेमणुकीचा आदेश, प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र, बदलीचे आदेश, प्रशस्तिपत्रे, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि मिळाल्यास सेवापुस्तकाची दुय्यम प्रत एवढे हाती आले, तर नोकरीचा सांगाडा उभा राहतो. सेवापुस्तकात बक्षिसांच्या नोंदी असतात तशा शिक्षांच्याही असतात. एखादा कसुरी अहवाल (कामातील चुकीबद्दल वरिष्ठांकडे गेलेला अहवाल) किंवा रोखलेली वेतनवाढ दिसली, तर ती लपवू नये आणि त्याबद्दल पहिल्याच बैठकीत विचारूही नये. ओळख असलेल्या माणसालासुद्धा अशा गोष्टीपाशी यायला वेळ लागतो. मूळ कागद लॅमिनेट करू नयेत, कारण ते नंतर सोडवता येत नाही आणि उष्णतेने जुन्या कागदाचे नुकसान होते. प्रत्येक कागदाचे मोबाईलने उजेडात छायाचित्र काढावे आणि मूळ प्रत साध्या कागदी पाकिटात ठेवावी.

जन्मतारखेकडे विशेष लक्ष द्यावे. त्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लावलेली असते. महाराष्ट्रात पोलीस कर्मचारी आणि अधिकारी वयाच्या ५८व्या वर्षी, ते वय पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात; जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे १ जूनचा माणूस ३१ मे रोजी घरी येतो. चरित्रात कागदावरची तारीख जरूर द्यावी, पण खरा जन्म कोणत्या हंगामात, कोणत्या सणाच्या आसपास झाला, हे आत्या किंवा चुलत्यांना विचारून त्याच्या शेजारी लिहावे.

त्यानंतर नेमणुकांची यादी करावी. येथे एक साधा नियम उपयोगी पडतो: वर्ष विचारू नये, ठाणे विचारावे. ‘१९८७ साली काय झाले?’ या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही, पण ‘त्या ठाण्याला असताना आपण कोणत्या खोलीत राहत होतो?’ असे विचारले की क्वार्टरचा क्रमांक, शेजारच्या हवालदारांचे कुटुंब, पाण्याची वेळ आणि त्या वर्षीचा मोठा गुन्हा हे सगळे एकामागोमाग येते. वहीच्या डाव्या पानावर ठाणे, हुद्दा, काम आणि वरिष्ठ अधिकारी, तर उजव्या पानावर त्याच काळातील घर, मुलांची शाळा, जन्म, आजारपण, लग्ने आणि कर्ज असे लिहीत जावे. पुढचे सगळे काम या वहीवर उभे राहते. माझ्या मते चरित्राचा मजकूर पूर्ण झाला नाही तरी चालेल, पण ही वही पूर्ण झाली पाहिजे.

हुद्द्यांची नावे जशी होती तशीच ठेवावीत. ज्यांनी ‘पोलीस नाईक’ म्हणून काम केले, त्यांच्या नातवंडांना ते पद दिसणार नाही, कारण २०२२ मध्ये राज्याने ते रद्द केले. ‘फौजदार’ म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, हेही एकदा सांगून टाकावे. शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी झालेल्या माणसाचा बक्कल नंबर, म्हणजे शिपाई असतानाचा ओळख क्रमांक, आवर्जून विचारावा. तो सहसा विसरला जात नाही, आणि तो सांगताना माणूस आपसूक भरतीच्या मैदानापर्यंत मागे जातो.

तारखा लावण्यासाठी सार्वजनिक घटनांचा आधार घ्यावा. पोलिसाच्या आयुष्यातले दिवस बंदोबस्ताने मोजलेले असतात, आणि मोठ्या बंदोबस्तांच्या तारखा निश्चित असतात. मराठवाड्यात नोकरी केलेल्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते: अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून पाठ टेकली न टेकली तोच किल्लारीचा भूकंप झाला आणि अंगावरच्या त्याच गणवेशात अनेक जण ढिगारे उपसायला निघाले. १४ जानेवारी १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, मुंबईत ६ डिसेंबर १९९२ नंतरच्या दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बाँबस्फोट, २६ जुलै २००५ चा पाऊस, २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला, नाशिकचे २००३ आणि २०१५ चे कुंभमेळे, दर वर्षीची पंढरपूरची आषाढी वारी – यांतल्या कोणत्या ठिकाणी ते होते, कोणत्या ठिकाणी राखीव म्हणून पाठवले गेले आणि कोणत्या वेळी दूरच्या ठाण्यात बसून बिनतारी संदेश ऐकत होते, हे विचारावे. मग घरच्यांना विचारावे की त्या दिवशी आपण कुठे होतो. दोन्ही उत्तरे जुळली की तारीख पक्की झाली असे समजावे. आईने दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब ज्यांवर लिहिला आहे अशा जुन्या दिनदर्शिका घरात उरल्या असतील, तर त्या सोन्यासारख्या जपाव्यात. त्यांवर ‘हे रात्री २ ला आले’ अशीही नोंद सापडते.

आता प्रत्यक्ष बोलणे. बैठक तास-सव्वा तासाहून मोठी असू नये, आणि ध्वनिमुद्रण त्यांना सांगूनच करावे. जबाब घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रश्नाचा रोख लगेच कळतो, म्हणून आडवळणाने विचारण्यात अर्थ नाही. ‘तुम्हाला काय वाटले?’ हा प्रश्नही सुरुवातीला विचारू नये. त्याऐवजी कामाची रीत विचारावी. घटनास्थळाचा पंचनामा कसा करायचा, पंच मिळाले नाहीत तर काय करायचे, स्टेशन डायरीत रवानगीची (ठाण्यातून कामावर निघाल्याची) नोंद कोणत्या शब्दांत घालायची, मुद्देमाल कोठे ठेवायचा, ठाणे अंमलदाराची रात्र कशी जायची, बंदोबस्ताला निघताना पिशवीत काय असायचे, जेवणाचा डबा किती वाजता उघडला जायचा. हे सांगता सांगता ते स्वतःच थांबतात आणि एखाद्या विशिष्ट रात्रीबद्दल बोलू लागतात. त्या वेळी पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नये.

आणखी एक अडचण भाषेची येते. प्रश्न गुन्ह्याचा असला की उत्तर अहवालाच्या भाषेत येते: ‘सदर इसम नमूद ठिकाणी मिळून आला.’ पहिल्यांदा ते तसेच लिहून घ्यावे, कारण तीही त्यांचीच बोली आहे. मग त्याच प्रसंगाबद्दल आठवडाभराने, जेवताना किंवा संध्याकाळी फिरायला गेल्यावर पुन्हा विचारावे. दुसऱ्या सांगण्यात पाऊस होता, चहा कोणी दिला, सोबतचा शिपाई नवखा होता, असे तपशील येतात. चरित्रात दोन्ही सांगणी वापरावीत.

आईशी मात्र स्वतंत्र बसावे, वडील खोलीत नसताना. एरवी ती अर्ध्या वाक्यावर थांबून ‘हेच सांगतील’ म्हणते. फोन नव्हता तेव्हा उशीर झाल्याचे कसे कळायचे, लक्ष्मीपूजन कोणी करायचे, भर वर्षात बदली झाल्यावर शाळेचा दाखला काढायला कोण जायचे, पोलीस लाईनमध्ये दुसऱ्या घरच्या बायका कशा उपयोगी पडल्या, दागिने कधी गहाण ठेवले, दंगलीच्या काळात मुलांना काय सांगितले, ही सगळी प्रकरणे तिची आहेत. ‘पत्नीने खंबीर साथ दिली’ एवढ्यावर तिची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. तिचे नाव, तिचे माहेर, तिने केलेले काम आणि तिने सोडून दिलेल्या गोष्टी चरित्रात पूर्ण वाक्यांत आल्या पाहिजेत. मुलांनीही आपापले स्वतंत्र लिहावे. स्नेहसंमेलनाला वडील आले नाहीत हे एका भावाला आठवत असेल आणि ते गणवेशातच मागच्या दारापाशी उभे राहून गेले हे बहिणीला आठवत असेल, तर दोघांचेही ठेवावे.

काही गोष्टी लिहायच्या नाहीत, आणि त्याबाबत काटेकोर राहावे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ नुसार गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो तसाच गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ हीच मनाई करतात. केवळ नाव गाळून भागत नाही. गाव, नाते, शाळा यांवरूनही ओळख पटते, म्हणून असा प्रसंग लिहायचाच असेल तर ठाण्याचे नावही काढावे. खबऱ्यांची नावे वडील सांगणार नाहीत, आणि आपण विचारूही नयेत. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती न्यायालयातही पोलिसावर करता येत नाही; तोच संयम घरातही पाळावा. ज्याच्यावर आरोप झाला पण जो निर्दोष सुटला, त्याला ‘गुन्हेगार’ म्हणू नये. त्या काळचे गुन्हे सांगताना ३०२, ३०७, ४२० हे आकडे जुन्या कायद्यातलेच ठेवावेत, कारण तपास त्याच कलमांखाली झाला होता.

मृत्यूचे प्रसंग येतात तेव्हा फार जपावे लागते. अपघातात सापडलेले लहान मूल, बेवारस प्रेताची ओळख पटवण्यासाठी केलेली पायपीट, बंदोबस्तात दगावलेला सहकारी, यांबद्दल कित्येक अधिकारी घरात कधीच बोललेले नसतात. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे मारल्या गेलेल्या दहा पोलिसांच्या स्मरणार्थ २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो, आणि निवृत्तीनंतरही अनेक जण त्या दिवशी मुख्यालयात जातात. त्यांच्यासोबत एकदा जाऊन यावे. परतताना ते ज्याचे नाव घेतात, त्याच्याविषयी चरित्रात एक परिच्छेद असावा. बोलण्यामुळे झोप उडत असेल किंवा जुनी स्वप्ने परत येत असतील, तर बैठका थांबवाव्यात आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा वेळी पुस्तक अपुरे राहिले तरी काही बिघडत नाही.

निवृत्तीनंतरची वर्षे दोन ओळींत उरकू नयेत. नोकरीत न मिळालेला वेळ ते नातवंडांना शाळेत सोडण्यात, पत्नीच्या औषधांच्या वेळा पाळण्यात, भावकीतले बांधाचे वाद मिटवण्यात कसा देतात, हे लिहिणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत असते. ते आत्ताच टिपून ठेवावे.

मजकूर तयार झाला की तो त्यांना आणि आईला मोठ्याने वाचून दाखवावा. जबाबाच्या शेवटी ‘वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असे लिहिण्याची खात्याची पद्धत त्यांना चांगली परिचयाची असते, आणि दुरुस्त्या सांगताना ते तितकेच काटेकोर असतात. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती त्यांच्याच हाताने समासात लिहून घ्यावी. आईची वेगळी दुरुस्ती असेल तर तिच्या हाताने, त्याच पानावर. एखाद्या घटनेबद्दल दोघांचे एकमत झाले नाही, तर निकाल देण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही नोंदी छापाव्यात. मोठ्या टंकातली एक प्रत त्यांच्या वाचनासाठी, एकेक प्रत प्रत्येक मुलाकडे, आणि ध्वनिमुद्रणे किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत; वही मात्र आईकडे द्यावी.