पाहुण्यांच्या चादरी पावसाळ्यात कुबट होऊ नयेत म्हणून

मुंबईच्या पावसाळ्यात पलंगाच्या पेटीतल्या जादा चादरींना कुबट वास येतो, घड्यांवर काळे ठिपके पडतात. बहुतेकदा कापड वरून वाळलेलं असतं, शिवणीत ओल राहिलेली असते.

1. मे महिन्यातच सगळं धुऊन कडक उन्हात वाळवा. खळ अजिबात नको, तिच्यावरच कसर येते. चादरीची दुमडलेली कड गालाला लावून पाहा. गार लागली तर आत अजून ओल आहे. इस्त्री केलीत तर कापड पूर्ण निवल्यावरच आत ठेवा, गरम घडीत वाफ कोंडते.

2. चादर आणि एक अभ्रा घडी करून जोडीच्या दुसऱ्या अभ्र्यात सरकवा. ऐनवेळी अख्खा सेट एका हाताने निघतो, शोधाशोध नाही. हे खरंच करून बघा!

3. गोधड्या, रजया जुन्या सुती साडीत बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते.

4. पाऊस उघडला की पेटीचं झाकण दोन-तीन तास उघडं ठेवा.

डांबरगोळ्या वापरत असाल तर तान्ह्या बाळाची दुपटी, गोधड्या त्यांच्याजवळ ठेवू नका. त्यांची वाफ बाळाला घातक ठरू शकते.