नेट गळकं असलं तरी कॉल थिजू नये म्हणून व्हिडिओला थर कसे लावायचे

कॉलवर समोरच्याचं तोंड चौकोन चौकोन होऊन अर्ध्या वाक्यात अडकतं ना, तेव्हा दरवेळी स्पीडच कमी असतो असं नाही, कधी कधी मधलं एखादं पॅकेट (डेटाचं छोटं पुडकं) हरवलेलं असतं आणि कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) फक्त 'आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं' एवढंच पाठवत असल्यामुळे पुढच्या सगळ्या फ्रेम्स लटकतात.

यावर उपाय म्हणजे थर. वरणभात ताटात पडला की जेवण होतं, तूप-लोणचं नंतर आलं किंवा नाही आलं तरी चालतं, तसंच.

पहिल्यांदा वेळेचे थर लावा. सेकंदाला ३० फ्रेम्स असतील तर दर चौथी फ्रेम तळाच्या थरात टाकायची (झाल्या साडेसात), त्यांच्या मधोमधची दुसऱ्यात (तळाच्या धरून १५), उरलेल्या तिसऱ्यात. गंमत अशी की तिसऱ्या थरावर कुणीच अवलंबून नसतं, त्यातलं पॅकेट गेलं तर गेलं. वेबआरटीसीत (ब्राउझरमधून कॉल करायचं तंत्र) यासाठी सेंडरच्या एन्कोडिंगला, म्हणजे पाठवणाऱ्या बाजूच्या व्हिडिओ सेटिंगला, स्केलेबिलिटी मोड 'एल१टी३' (साइझचा एक थर, वेळेचे तीन) द्यायचा. चित्राच्या साइझचेही थर हवेत (१८०, ३६०, ७२०) तर 'एल३टी३', पण व्हीपी८ कोडेकला ते जमत नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ घ्या. मोड दिला म्हणजे लागला असं समजू नका, आउटबाउंड स्टॅट्समध्ये (बाहेर जाणाऱ्या व्हिडिओच्या आकडेवारीत) तो दिसतोय का ते बघा.

मग मधे एसएफयू सर्व्हर (एकाचा व्हिडिओ बाकीच्यांकडे पुढे ढकलणारा) बसवा. तो व्हिडिओ उलगडत नाही, ज्याचं नेट कच्चं त्याला वरचे थर पाठवतच नाही, बस्स.

आता खरी मेख. सगळ्या थरांना सारखं जपत बसू नका! तळाचं पॅकेट हरवलं तर परत मागवा, आणि जाऊन-येऊन वेळ इतका लागत असेल की परत आलेलं पॅकेट शिळंच पोचणार, तर एफईसीचा (हरवलेलं पॅकेट परत न मागवता भरून काढायची युक्ती) जादा डेटा आधीच जोडून द्या, पण तळालाच. वरच्यांना देव तारी.

थरांमुळे त्याच क्वालिटीला थोडे जास्त बिट्स लागतात, म्हणून दोघांच्याच आणि चांगल्या नेटवरच्या कॉलला हा खटाटोप नको.

टेस्टिंगला लिनक्सवर नेटएमने (नेट मुद्दाम बिघडवायचं टूल) ५ टक्के लॉस, म्हणजे पॅकेटगळती, लावा, पण खरं नेट असं सुटं सुटं गळत नाही, एकदम झुबकाच जातो, म्हणून फोन घेऊन लिफ्टमध्येही जाऊन या. हालचाल धक्के खात झाली तर चालेल. चेहरा थिजला तर तळाचीच पॅकेट्स जातायत, एफईसी वाढवा.